गावची देखणी मुलगी

"ओनित्शाचा बाजार फार वाकून करावा लागतो वाटतं," नवऱ्याच्या कमरेला गरम तेल चोळत एकेम्मा म्हणाली.

"हं," पालथा पडलेला अनेक्वे उशीत म्हणाला.

"आणि दरवर्षी नेमका सणाच्याच दिवशी."

"त्या दिवशी गर्दी कमी असते."

"असणारच. सगळे इथे नाच बघत असतात."

आमच्या गावात सणाला नाचणाऱ्या मुखवट्याखाली माणूस नसतो. मेलेल्यांच्या मुलखातून आत्मा येतो. बायकांना याहून जास्त माहीत नसावं असा नियम आहे, आणि आपल्याला काय माहीत नाही, हे बायकांना पक्कं माहीत आहे. त्यामुळे तीस वर्षं सणाला पांढऱ्या चेहऱ्याची, चिंचोळ्या नाकाची, डोक्यावर केसांचा मनोरा असलेली एक देखणी मुलगी मैदानात नाचायची आणि अनेक्वे दूर शहरात, ओनित्शाच्या बाजारात असायचा. मुलगी सोळाचीच राहिली. अनेक्वे आजोबा झाला.

एक गोष्ट मात्र त्याला खात होती. आपली ही नाचणारी मुलगी एकेम्माला कशी वाटते, हे त्याला कधी विचारता आलं नव्हतं. ओनित्शाला गेलेला माणूस असलं विचारेल कशाला?

"यंदा नका जाऊ," ती म्हणाली. "बाजार चिदोझी करेल."

चिदोझी त्याचा पुतण्या. तीनचाकी रिक्षा चालवायचा, मिशी राखून होता. अनेक्वेने दचकून मागे बघितलं. ती बाटलीचं झाकण शोधत होती.

दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या खोपटात त्याने चिदोझीसमोर मुखवट्यावरचं फडकं काढलं.

"नाक धरून उचलू नकोस. मुलगी आहे, बादली नाही."

"बरं, काका."

"मान खाली. तू लाजतोयस."

"कोणाला?"

"अख्ख्या गावाला."

चिदोझी लाजला. रिक्षा मागे घेतल्यासारखं दिसलं.

"जमेल," अनेक्वे म्हणाला. त्याने लाकडी गालांवर पांढरी माती स्वतःच्या हाताने लावली, वाळेपर्यंत मुखवटा मांडीवर ठेवला आणि मग दिला.

सणाला त्याला पुरुषांच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. शेजारी दोरी, दोरीपलीकडे बायका. पहिलीच एकेम्मा.

"ओनित्शा?"

"बंद आहे."

ढोल घुमले. मुलगी आली, लाजली, गिरकी घेतली. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. डावा पाय उशिरा पडतोय, हे फक्त अनेक्वेला दिसलं, असं त्याला वाटलं.

"ही नवी दिसते," एकेम्मा म्हणाली.

"कशावरून?"

"डावा पाय बघा की. आधीच्या मुलीची गोष्टच वेगळी. लग्न होऊन गेली असेल. इतकी वर्षं कोण घरात ठेवतं?"

अनेक्वेने समोरच बघत विचारलं, "तुला आवडायची?"

"पहाटे येऊन जागा धरायचे मी तिच्यासाठी. ती हात असा वळवायची ना, तेव्हा वाटायचं, हिला कुणाची दृष्ट न लागो." तिने पिशवी मांडीवर घेतली. "चांगल्या घरी पडली असेल ना हो?"



"बरं चाललंय म्हणे," अनेक्वे म्हणाला. "सासरची माणसं चांगली आहेत."

एकेम्माने मान डोलावली. तिने पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि अर्धं दोरीवरून त्याच्या हातात दिलं. नवी मुलगी धापा टाकत पुन्हा लाजायला लागली होती. दोघं केळं खात तिच्याकडे बघत राहिली.