झिपऱ्यासाठी मुराळी

आमच्या झिपऱ्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पळणं बंद केलं आणि आनंदसुद्धा बंद केला. मीठ आणि पळणं मला कळलं. आनंदावरून मात्र मी डॉक्टरांशी भांडले.

हे डॉक्टर म्हणजे लक्ष्मणराव. पूर्वी देहूरोडच्या छावणीत लष्कराची खेचरं तपासायचे. आबा तिथल्याच डेपोत कामाला, म्हणून ओळख. चतुर्थीला ते चिंचवडला मोरया गोसावीच्या दर्शनाला आले, तेव्हा आबांनी हात जोडून त्यांना घरी आणलं. पडवीत पोत्यावर झिपऱ्या पडला होता. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवर नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत बसले.

"मोटेचा बैल म्हातारा झाला की पाणी वर चढत नाही, विहिरीतच राहतं," ते म्हणाले. "याचं हृदय तसं थकलंय. पाणी फुप्फुसात साचतंय, पोटात साचतंय. म्हणून हा खोकतोय."

आईने कपाळाला हात लावला. "आन् मी येडी समजत व्हते, म्हातारपणी बाळसं धरलंय! दिष्ट काढली की वो मी त्याची!"

खरंच काढली होती. पोट टरारून फुगलेलं बघून आळीतल्या बायका म्हणायच्या, काय चारता गं कुत्र्याला, ढेरपोट्या शेठजी झालाय नुसता! आणि आई खूश व्हायची.

डॉक्टरांनी पाणी उतरायची सुई टोचली, हृदयाच्या गोळ्या दिल्या. मग म्हणाले, "मीठ अजिबात नको. धावायला द्यायचं नाही. आणि कुणाला बघून फार नाचायला लागला, तर आवरायचं. अति आनंद याला झेपायचा नाही."

"आनंद कसा बंद करायचा, डॉक्टर?" मी विचारलं. "त्याचीपण गोळी असते का?"

"शेवंते!" आबा ओरडले.

पण मी काय गप्प बसणारी! शाळेच्या वक्तृत्वात मुलांना मागे टाकून पहिली आले होते. तेव्हापासून माझ्या जिभेला हाडच उरलं नाही, असं आई म्हणते. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी झिपऱ्याचे कान कुरवाळले आणि विचारलं, "कुणाला बघून एवढा नाचतो हा?"

आईने दाराबाहेर बघितलं. कारण उत्तर घरात नव्हतं. ते कुरुळीला होतं, सासरी.

कुसुमताई, माझी थोरली बहीण. झिपऱ्याची आई बैलगाडीखाली सापडून मेली, तेव्हा ताई जेमतेम आठ वर्षांची. तिने कापसाची वात दुधात बुडवून त्याला चोखायला दिली, स्वतःच्या गोधडीत घेऊन झोपली. मी तेव्हा एवढीशी होते. मला रांगायला आईने शिकवलं आणि चावायला झिपऱ्याने, असं आबा चिडवतात. आम्ही दोघं तिचीच पोरं म्हणायची. गेल्या वैशाखात ताईचं लग्न झालं. दिवाळीला ती आली, तेव्हा झिपऱ्याने अंगणात अशा काही गिरक्या घेतल्या, असा काही उड्या मारत सुटला, की आम्ही हसून हसून बेजार झालो. आणि एकदम तो आडवा पडला. हिरड्या निळ्या, जीभ बाहेर. आम्हाला वाटलं फेफरं आलं. ताईने नाकाशी कांदा धरला. थोड्या वेळाने उठला खरा, पण त्या दिवसापासून तो पूर्वीचा झिपऱ्या राहिला नाही.

सुईने पाणी उतरलं, चार दिवस बरे गेले. मग पुन्हा धाप लागायला लागली. मी गोळी कुस्करून अळणी भाकरीत घालायची, तो नुसता हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मग मीपण अळणी जेवायला लागले, त्याच्या शेजारी बसून, मचमच आवाज करत. "बघ, मीपण खाते! झकास लागतं!" तो माझ्याकडे बघायचा, जणू म्हणायचा, थापा मारू नकोस. खरंच, अळणी पिठलं म्हणजे ओल्या भिंतीची चव!

आळीतून कुणी बांगड्या किणकिणवत गेलं की मात्र तो मान वर करायचा. बांगड्या पुढे निघून गेल्या की मान हळूहळू खाली जायची. ते मला बघवायचं नाही. कारण मान माझीपण वर व्हायची. ताई गेल्यापासून माझी वेणी कुणी घट्ट घालत नाही. भाषण पहिलं आलं ते सांगायला कुणी नाही. म्हणजे आईला सांगितलं होतं, पण आई म्हणाली, "बरं झालं, आता भांडी घास."

शेवटी एका सकाळी मी जाहीर केलं, "ताईला आणायचं."

"तिला बघून त्याचं काळीज थांबलं मंजी?" आई म्हणाली. "ती आली आन् ह्यो गेला, तर जन्मभर तिच्या माथी लागंल."

आबा विडी विझवत म्हणाले, "आन् न येता गेला तर?"

आईने पदर तोंडाला लावला. झिपऱ्या खोकत होता.

पण आणायला जायचं कोणी? सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला मुराळी लागतो. म्हणजे भाऊ. आम्हाला भाऊ नाही. दिवाळीला आबाच गेले होते, पण आता डेपोत मालाची मोजदाद चालू, सुट्टी बंद.

"मी जाते मुराळी," मी म्हटलं.

आई हसलीच. "पोरगी कुटं मुराळी असती व्हय?"

"नसते तर आता असेल! रहिमानचाचा शनिवारी चाकणच्या बाजारातून कांदा आणायला जातात. जाताना मला कुरुळीला सोडतील, येताना दोघींना घेतील."

रहिमानचाचा आमच्या शेजारचे. त्यांच्याकडे एक खटारा ट्रक आहे. आबांनी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "दत्तोबा, तुमची पोरगी निघाली तर माझा ट्रक हॉर्नशिवाय चालंल. तिचाच आवाज पुरे!"

आईने मला कानमंत्र दिला. "सांग, आय लई आजारी हाय. कुत्र्याचं नाव बी काढू नको. हसतील."

मी हो म्हटलं. शनिवारी शाळा बुडवून, नवं परकर-पोलकं घालून, चाचांच्या शेजारी ऐटीत बसून निघाले. मोशी मागे पडेपर्यंत मी ते वाक्य घोकत होते. आई फार आजारी आहे. पण प्रत्येक वेळी 'आजारी'पाशी अडखळायचे. जितीजागती आई आजारी पाडायची! जिभेवर आलेलं खरं झालं तर?

कुरुळीत ताईच्या दारात उतरले तेव्हा ताई शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून येत होती. मला बघून तिच्या हातातली पाटीच पडली. तिची सासू सावित्रीबाई आतून आली. उंच, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कोन गं? शेवंता? एकलीच?"

"मी मुराळी म्हणून आले," मी मान ताठ ठेवून म्हटलं. "ताईला न्यायला."

"मुराळी!" त्या पदराआड हसल्या. "आन् मुराळ्याचं मिसरूड कुटं ऱ्हायलं? काय झालं गं, कोन आजारी हाय का?"

आणि माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "झिपऱ्या. आमचा कुत्रा. त्याचं हृदय थकलंय. तो ताईची वाट बघतोय."

ताईने खांब धरला. सावित्रीबाईंचं हसू मावळलं, पण आवाज मऊ झाला नाही. "कुत्र्यापायी सून धाडू? हिकडं ज्वारी काढायला आलीया. उद्या कोंबडी शिंकली तर बी येशील व्हय न्यायला? चल, हातपाय धू, जेव, आन् गुमान घरी जा."

ताट मांडलं गेलं. वांग्याचं भरीत, गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. किती दिवसांनी मिठाचा वास! माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं म्हणून सांगू! पण मी पाटावर बसले नाही. उंबऱ्यापाशी उभी राहिले.

"मुराळी आहे मी," मी म्हटलं. "आधी धाडायचं कबूल करा. नाहीतर मुराळी उपाशी परत जाईल."

दारातून मुराळी उपाशी परत गेला, तर घराण्याला बोल लागतो. आजूबाजूच्या बायका वर्षभर चघळतात. हे सावित्रीबाईंना ठाऊक होतं आणि मलाही.

"लई शानी हायेस," त्या म्हणाल्या. "तू मुराळीच न्हाईस, पोरगी हायेस. तू उपाशी गेलीस तर कुनाला बोल लागतोय?"

"मग तुम्ही मला मघाशी मुराळी समजून ताट कशाला वाढलंत? लोणी घालून?"

कोपऱ्यात सुतळी वळत बसलेले ताईचे सासरे उद्धवराव पहिल्यांदाच बोलले. "भाकरी खातो का तो?"

"तीन दिवस तोंड लावलं नाही."

ते पुन्हा सुतळी वळायला लागले. भाकरी निवत गेली. लोणी वितळून भाकरीत जिरलं. बाहेर ऊन कलायला लागलं, आणि मला चाचांच्या हॉर्नची धास्ती वाटायला लागली. हॉर्न वाजला आणि सावित्रीबाई हो म्हणाल्या नाहीत, तर? ताई आत चुलीपाशी बसली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ, आणि ती पाठ जरासुद्धा हलत नव्हती.

"सावित्रे," उद्धवराव हातातल्या सुतळीकडे बघत म्हणाले, "आपला पवळ्या बैल गेला, तवा तू किती दिस जेवली न्हवतीस?"

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. मग त्या चुलीकडे गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोन राती. तिसऱ्या दिशी तुजं मामंजी गाडी घेऊन येतील. आन् शेवंते, तू बस, गिळ. निवली की भाकर."

मी अशी जेवले, की बास!

ट्रकमध्ये कांद्याच्या वासात ताई माझ्या अंगाला चिकटून बसली. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, आनंदाचंसुद्धा. ती बांगड्या मागेपुढे सारत राहिली. मग म्हणाली, "मी त्याला दिसणारच नाही. आज नुसता वास येऊ दे. उद्या आवाज. मग मी."

चाचांनी ट्रक लांबच, आळीच्या तोंडाशी थांबवला. ताईने हिरवा चुडा पदरात घट्ट गुंडाळला, किणकिण होऊ नये म्हणून. आम्ही परसातून चोरासारख्या आत शिरलो. आईने तिला बघितलं आणि तोंडावर हात ठेवून रडली. ताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. मधे एवढीशी भिंत. पलीकडे पडवीत झिपऱ्याचा श्वास ऐकू येत होता, घर्र घर्र. ताईने भिंतीला तळहात लावला होता.

मी दारातून डोकावले. झिपऱ्याचं नाक हललं. मग कान. मग त्याने मान वर केली. आता उडी मारेल. आता गिरक्या घेईल. आता पडेल.

त्याने उडी मारली नाही. तो पुढच्या पायांवर उठला, थांबला. मागचे पाय ओढून घेतले, थांबला. दोन पावलं टाकून खाली बसला आणि धापा टाकल्या. पुन्हा उठला. दारात आला. ताई दिसली त्याला. ताई उठायला लागली, तशी मी तिचा दंड धरला. "नको. येऊ दे त्याला."

तो आला. तिच्या पावलावर हनुवटी टेकली. शेपटी एकदा जमिनीवर आपटली, बस. एकदाच.

महिनाभर मी त्याच्या आनंदाला भीत होते. आणि आता मला रडायला आलं, ते त्याने उडी मारली नाही म्हणून. मनात ओरडत होते, मार की रे उडी, झिप्या, एकच! ताईने पदर सोडला, बांगड्या वाजल्या, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यानेच त्याने डोळे मिटले.

दोन्ही दिवस तो तिच्या हातून जेवला. अळणी भाकरी, दुधात कुस्करलेली, गोळीसकट. मला तिने युक्ती दाखवली: घास आधी आपल्या ओठांना लावायचा, मग त्याला द्यायचा. माझी वेणीसुद्धा घातली, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले. भाषण म्हणून दाखवलं, तर तिने आणि झिपऱ्याने पूर्ण ऐकलं.

तिसऱ्या दिवशी उद्धवराव गाडी घेऊन आले. ताई झिपऱ्यापाशी बसून म्हणाली, "येते रे." तो जागा होता. उठला नाही. गाडी वळेपर्यंत बघत राहिला.

आता त्याला मीच भरवते. घास ओठांना लावते, मग पुढे करते. तो खातो, गुणी आहे. पण खाताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून, मागे ताईची गाडी गेली त्या वाटेकडे बघतो. काल मीही वळून बघितलं.