राकियाने पुसलेला दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. सध्या माझा मुक्काम एका काडेपेटीत, कापसाच्या बोळ्यावर आहे. माझे मूळ माझ्याजवळ नाही. ते कुठे गेले हे पुढे सांगेन. आधी सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही.

नेवेना नावाच्या मुलीच्या हिरडीत मी वाढलो. माझ्या आधी तिथे एक दुधाचा दात होता. तो पडला तेव्हा तिच्या आजीने, दोना आजीने, बल्गेरियाच्या त्या डोंगराळ गावातल्या रीतीप्रमाणे तो घराच्या दगडी छपरावर भिरकावला आणि कावळीला सांगितले, "हा हाडाचा दात घे गं, आमच्या पोरीला लोखंडाचा दे." लोखंडाचा काही आला नाही, मी आलो. वरच्या ओळीत पुढच्या दोघांपैकी डावा. कडेला बारीक कंगोरे होते, त्यांचा मला भारी अभिमान होता. भाजलेल्या मिरचीची चटणी लावलेला पाव, डोंगरातली आंबट सफरचंदे, सगळ्यांचा पहिला तुकडा मीच तोडायचो. सूर्यफुलाच्या बिया फोडण्यात तर माझा हात धरणारे कोणी नव्हते. नेवेनाचे आईवडील दूर स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कामाला होते. दर रविवारी फोनवर आई म्हणायची, "हस बघू." मग नेवेना हसायची, आणि आईला पहिला दिसायचो मी.

जेमतेम दीड वर्ष मी काम केले. मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी गावच्या झऱ्यापाशी पळताना नेवेनाचा पाय शेवाळावरून घसरला आणि तिचे तोंड दगडी डोणीच्या काठावर आपटले. मी मुळासकट बाहेर पडलो. ती तेव्हा साडेआठ वर्षांची होती.

दोना आजी धावत आली ती राकियाची बाटली घेऊनच. राकिया म्हणजे आलुबुखारांची घरी गाळलेली दारू. त्या गावात ती पिण्याइतकीच चोळण्यासाठीही असते. छातीत कफ झाला, चोळा राकिया. गांधीलमाशी चावली, लावा राकिया. आजीने नेवेनाचे ओठ पुसले, मग मला उचलले. मित्रांनो, दाताच्या मुळावर नाजूक ओले तंतू असतात. नुसत्या डोळ्यांना ते धड दिसतही नाहीत, पण त्यांच्याच जोरावर दात जबड्याला धरून राहतो. आजीला ती घाण वाटली. तिने टॉवेलचा कोपरा राकियात बुडवला आणि मला चकचकीत होईपर्यंत घासले. तिच्या हातात माया होती हे मला कळत होते, म्हणून मला आजवर तिच्यावर नीट रागावताही आलेले नाही.

आणि मग तिने मला छपरावर फेकले. मी दुधाचा नव्हे हे माझ्या लांबीवरूनच कळायला हवे होते. पण घाबरलेला माणूस सवयीचे तेच करतो. कावळीला तिने पुन्हा तेच लोखंड मागितले.

मी दगडांच्या फटीत उन्हात वाळत पडलो. खाली शेजारचा वल्कोकाका आला. मधमाश्या पाळणारा हा माणूस, त्याची सून शहरात दवाखान्यात नर्स. त्याने तिला फोन लावला आणि तो ओरडतच वळला.

"दात कुठाय? दुधात घालून ताबडतोब न्यायचा म्हणते ती. परत बसवतात."

"फेकला की रे," आजी म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? छपरावर."

"धन्य आहे बाई तुझी. आता त्या कावळीलाच गाडीत घालून नेऊ या."

म्हणाला खरे, पण तोवर शिडी आणायला तो निघालाही होता. साठी उलटलेला, एका गुडघ्याने अधू माणूस छपरावर रांगत फिरला. मी सापडलो तेव्हा एक तास उलटून गेला होता. शेळीच्या ताज्या दुधाच्या पेल्यात मला घातले आणि वल्कोकाकाच्या मोडक्या गाडीतून आम्ही प्लोव्हदिव शहराकडे निघालो. प्रत्येक वळणावर आजी पेल्यावर हात ठेवायची आणि पुटपुटायची, "स्नेझाला काय सांगू मी." स्नेझा म्हणजे तिची मुलगी, नेवेनाची आई.

डॉक्टर किर्कोवा मुलांच्या फक्त तुटलेल्या, निखळलेल्या दातांवर उपचार करत. त्यांनी मला माथ्याकडून चिमटीत धरले. मुळाला बोटही लावले नाही. त्या दिवशी तसे वागणाऱ्या त्या पहिल्याच.

"कशाने धुतला?" त्यांनी विचारले.

आजी हातातल्या पेल्यातल्या दुधाकडे पाहू लागली. तेवढ्यात टॉवेलाआडून नेवेना म्हणाली, "पाण्याने."

आजीने मान खाली घातली. दुधातूनही मला राकियाचा वास येत होता, तो डॉक्टरांना आला नसेल असे मला वाटले नाही. पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी खाच स्वच्छ केली, मला जागेवर बसवले आणि बारीक तारेने शेजाऱ्यांशी बांधून ठेवले. आठवड्याने रूट कॅनाल केले, महिन्याने तार काढली. मी पुन्हा ओळीत उभा होतो. फोनवर आई म्हणाली, "कुठला पडला होता तो ओळखूसुद्धा येत नाही गं." आजी तेव्हा चुलीपाशी उभी होती. तिने भांडे उगाचच ढवळले.

दर सहा महिन्यांनी तपासणी असे. डॉक्टर एका छोट्या दांडीने दातांवर टकटक करत. निरोगी दात मऊ बोलतो. दीड वर्षाने माझ्यावर टकटक झाली आणि आवाज आला तो कपाच्या कडेवर चमचा आपटावा तसा. मला स्वतःलाच तो परका वाटला. तंतू मेले होते. मधे उशीसारखे काही उरले नव्हते, म्हणून हाड थेट माझ्या मुळाला चिकटले होते आणि मला खाऊन माझ्या जागी हाड भरू लागले होते. त्यात नेवेना वाढत होती. तिचा जबडा वाढला, बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली सरकले, आणि मी होतो तिथेच राहिलो. बाराव्या वर्षी मी शेजाऱ्यांपेक्षा चांगलाच आखूड दिसू लागलो. वर्गातली मुले तिला म्हणत, "तुझा एक दात अजून पहिलीतच आहे वाटतं." ती हसताना तोंडावर हात धरू लागली. रविवारी फोनवरसुद्धा.

आजीला तो हात दिसायचा आणि ती उठून अंगणात जायची. त्या दोघी एका खोलीत झोपत, एका ताटात खात, पण माझे नाव निघाले की दोघी गप्प होत. मी दोघींच्या मधोमध होतो. मला दुखत नव्हते. मेलेल्या दाताला दुखत नाही. पण वाईट फार वाटायचे.

नेवेना तेरा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर किर्कोवांनी ठरवले की माझा माथा कापायचा आणि मूळ आतच राहू द्यायचे. कापण्याच्या दिवशी आजी खुर्चीपाशी आली. रुमाल हातात चुरगळत होती.

"डॉक्टरीणबाई, तो पाण्याने नव्हता धुतला. राकिया होती. मी घासला. चांगला घासला."

"मला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी वास आला. तसं लिहूनही ठेवलंय, आणि उपचारही तेच धरून केले."

"मग बोलला का नाहीत?"

"पोर तुमच्यासाठी खोटं बोलली होती. ते मी कशाला मोडू? आणि आजी, तासभर तो छपरावर वाळलाही होता. एकट्या राकियावर नका घालू सगळं."

आजीने नेवेनाकडे पाहिले. "पाच वर्षं, गं? मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"राकियानं दात मेला हे तुला कळू नये म्हणून," नेवेना म्हणाली. "वाटलं, तुला ठाऊकच नसेल."

"मला ठाऊक नसेल?" आजी म्हणाली आणि खुर्चीच्या हातावर डोके टेकून रडली. नेवेनाने तिचा रुमाल सरळ केला. डॉक्टर हातमोजे काढून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि कापायला त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला.

माझा माथा शेजारच्या दातांना चिकटवून, नीट उंचीवर बसवला. तसा मी आणखी सहा वर्षे उभा राहिलो. चावायला बंदी होती, नुसती शोभा. आत माझे मूळ हळूहळू विरघळले आणि त्याच्या जागी नेवेनाचे हाड भरले. मूळ उपटून टाकले असते तर तिथे खळगा पडला असता. एकोणिसाव्या वर्षी त्याच हाडात डॉक्टरांनी धातूचा स्क्रू बसवला आणि त्यावर नवा दात. मला कापसात गुंडाळून नेवेनाच्या हातात दिले.

नेवेनाने मला गावी आणले आणि आजीपुढे धरले. "घे आजी. फेक कावळीला. आता चालेल."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीने मला निरखले. "लोखंडाचा मागितला होता," ती म्हणाली. "दिला मेलीनं. पण किती रडवून." आणि तिने मला फेकले नाही. काडेपेटीत घालून एप्रनच्या खिशात ठेवले.

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलो आहे. गावात कुठे पोर पडले, कुठे नातवंड सुट्टीला आले, की आजी काडेपेटी उघडते आणि मला दाखवून बजावते: मुळाला हात लावायचा नाही, घासायचे नाही, दुधात घालायचे आणि पळायचे. तुम्हीही तेवढे लक्षात ठेवा. आणि तुमच्या हातून चुकलेच, तर डॉक्टरांनी विचारताच खरे सांगा, आणि घरातही एकमेकांना सांगा. आमच्या घरी त्याला पाच वर्षे लागली.

दोना आजीला दूध पचत नाही. आता शेळीही राहिलेली नाही. तरी रोज सकाळी ती शेजाऱ्यांकडून ताजे दूध मागून आणते आणि पेला झाकून फडताळात ठेवते. संध्याकाळपर्यंत कोणी धावत आले नाही, की ती ते मांजराला घालते आणि पेला विसळून पालथा ठेवते.