डाव्या पाटाचं गाऱ्हाणं

मी एक नस बोलतेय. महिपतच्या डोक्यातली, डाव्या अंगाची. जाडीला भाताच्या काडीएवढी, पण माझ्यावाचून या माणसाच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, असा माझा तोरा.

पोफळीच्या बागेत पाट असतात ना, तसं समजा. मानेतून रक्ताचे चार पाट वर चढतात, दोन पुढून, दोन मागून. मेंदूच्या बुडाशी त्यांचं एक कडं होतं. एकाचं आटलं तर दुसऱ्याने द्यावं. भावकीत जे होत नाही ते इथे होतं. कड्याच्या पुढे मात्र ज्याचा वाफा त्याचा पाट. माझ्या वाट्याला आला बोलण्याचा वाफा आणि उजवा हातपाय. हो, डावीकडे राहून उजवीकडचं शिंपते मी. असं का, ते बांधणाऱ्याला विचारा.

महिपत आमच्या गावचा गाऱ्हाणं घालणारा. देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने मागायचं, आणि दर मागण्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीस वर्षं घातलं त्याने. आवाज असा की पलीकडच्या वाडीतली गुरं माना वर करायची. गावाबरोबर मीही आतून 'व्हय म्हाराजा' म्हणत आले.

पण खाण्यात माणूस आडमुठा. सुकट हवी, भातावर लोणच्याचा खार हवा, वर विडी. त्याची बायको तुळसा सांगायची, मीठ कमी करा. तो म्हणायचा, समुद्रातल्या माशाला कधी लकवा झालाय? इकडे मी आतून कडक होत चालले, चिकट थर बसत चालला. मला तक्रारीला तोंड नव्हतं, आणि ज्याला होतं तो विडी ओढत होता.

चौऱ्याऐंशी सालचा पौष. महिपत सकाळी पेज पीत बसला होता, आणि बाटलीला बूच बसावं तशी एक गुठळी माझ्यात येऊन बसली. त्याच्या हातातली वाटी सुटली. तोंड डावीकडे ओढलं, उजव्या कोपऱ्यातून पेज गळायला लागली.

"अवो, आसा काय करताव?" तुळसा म्हणाली.

"कोकम," तो म्हणाला.

पुढे तेवढा एकच शब्द उरला.

आत माझा वाफा सुकत होता, आणि बाहेर भावकीची बैठक बसली. अंगावरून वारं गेलंय, म्हणाले. त्याचा चुलतभाऊ रावजी म्हणाला, कबुतराचं रक्त चोळा. अर्धी वाडी देवळाच्या कौलांवर चढली. कबुतर सगळ्यांपेक्षा हुशार निघालं. दिवस मावळला तेव्हा रावजीने कोंबडा कापला. रक्त महिपतच्या दंडाला लागलं आणि कोंबडा भावकीच्या पोटात गेला. मला रक्त हवं होतं हे खरं, पण बाहेरून नव्हे बाबांनो, आणि कोंबड्याचं तर नव्हेच.

दुसऱ्या दिवशी तुळसाने कुणाला न विचारता नवऱ्याला एसटीत घातलं आणि रत्नागिरी गाठली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, रक्तदाब मोजला आणि विचारलं, "कालच का नाही आणलंत?"

कोंबड्याचं सांगायची तिला लाज वाटली. "कबुतर गावत नव्हता," ती म्हणाली.

महिपत घरी आला तो कोकम घेऊनच. तहान लागली, कोकम. पाठ खाजली, कोकम. तुळसा दर वेळी सरबत करून आणायची. महिन्यात बरणीचा तळ दिसला. मग तिला सुरावरून कळायला लागलं. लांबवलेलं कोकम म्हणजे पाणी, तुटक म्हणजे पाठ. रावजी दिसला की जे निघायचं, त्यात चक्क शिवी होती.

शिमगा जवळ आला. गाऱ्हाण्याचा मान आता रावजीला द्यायचं ठरलं. हात गेला, पाय गेला, तेव्हा महिपत रडला नव्हता. हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडला. माझं काय झालं असेल? मीच तर बुजले होते.

शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली. महिपतला खुर्चीत बसवून आणलं होतं. रावजीने गाऱ्हाणं वहीत लिहून आणलं होतं, पण चष्मा घरी राहिला.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"आज... आज..." आणि रावजी अडला. गाऱ्हाणं मध्येच तुटलं तर गावाचं वर्षभर खरं नाही. मुंबईचे चाकरमानी खाली बघायला लागले.

तेवढ्यात खुर्चीतून जुना आवाज आला.

"आज जी काय तुजी लेकरा तुज्या पायाशी जमलेत, त्यांचा वाकडातिकडा झाला आसंल ता पोटात घाल. जी वाट आडलेय ती मोकली कर रे म्हाराजा!"

गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच विसरलं. पहिली म्हणाली ती तुळसा.

मी तर थक्क. माझा वाफा कोरडा, मग हे आलं कुठून? मग उमगलं. चाळीस वर्षं एका सुरात घोटलेलं गाऱ्हाणं कधीच उजवीकडच्या वाफ्यात रुजलं होतं, माझ्या बहिणीच्या पाटाखाली. मी उगाच तोरा मिरवत होते.

गाऱ्हाणं संपलं. रावजी पाया पडायला वाकला. महिपत म्हणाला, "कोकम." शिवीवालंच.

पण तुळसाला वाट सापडली होती. रोज सकाळी समोर बसून ती 'बा देवा म्हाराजा' असा सूर धरायची, आणि त्या सुरात त्याला एकेक शब्द घालायला लावायची. पहिला शब्द 'च्या' यायला पावसाळा उजाडला.

आता मी आहे तशीच आहे, बुजलेली. शेजारणींनी बारीक फाटे काढून कडेकडेचं थोडं जगवलंय. माझं मागणं एवढंच, की कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर कबुतरामागे धावू नका. मिळेल त्या गाडीने डॉक्टरकडे पळा.

कालच जेवताना महिपतने डावा हात कपाळाला लावला. "बा देवा म्हाराजा, लोनच्याची येक फोड ताटात पडू दे रे म्हाराजा!"

सवयीने अख्खं घर 'व्हय म्हाराजा' म्हणालं. तुळसाने तेवढं 'व्हय' न म्हणता बरणीचं झाकण घट्ट लावलं.

आणि जन्मात पहिल्यांदा मीही गप्प राहिले.