सुपारीवाल्याला सोबत

खर्झुल्यानं जन्मात कुणाचं काम फुकट केलं न्हवतं. तीन चंद्रांच्या पल्याड सुपारीवाल्यांची एक पेढी हाय, तिच्यातला ह्यो सगळ्यात महागडा गडी. आईची सुपारी आली तर ह्यो आधी भाव विचारील आन् मग आईचा पत्ता, असं पेढीवर त्याच्या माघारी बोलायचे. त्याच्या कानावर आलं तवा त्याला गुदगुल्या झाल्या.

आसल्या गड्याला थंडीच्या दिवसांत दौंडला उतरायची पाळी आली. पाटसच्या कारखान्याचा हंगाम चालू, सगळीकडं ऊस उभा. त्यानं आपलं विमान रेल्वे यार्डाच्या पलीकडच्या उसात घातलं आन् माणसाचं रूप अंगावर चढवलं. ते रूप विमानात परत गेल्याबिगर उतरत न्हाई, आन् माणसाच्या अंगात काय ताकद असती ते आपल्याला ठावंच हाय.

काम सोपं व्हतं. तिकडच्या एका राजाचा हत्यारखाना पेटवून एक कारागीर पळाला व्हता. त्यो दौंडात येऊन अल्लाबक्ष झाला, रेल्वेत खलाशी म्हणून लागला, रिटायरबी झाला. बायको न्हाई, पोर न्हाई. लोक विचारायचे तवा सांगायचा, एक पुतण्या हाय लांब, शाकीर नावाचा, येईल कवातरी. असला पुतण्या दुनियेत कुठंच न्हवता. खर्झुल्यानं स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ही गोष्ट ऐकली आन् शाकीर होऊनच अल्लाबक्षच्या गल्लीत शिरला.

गल्लीनं त्याला वाजतगाजत दारात नेलं. म्हातारा त्याच्याकडं बघून पांढरा पडला. पण गल्लीसमोर न्हाई म्हणाला तर ह्यो गल्लीलाच खाईल, ह्या भ्यानं म्हणाला, "आलास का. ये." मग सगळ्यांना घालवून स्टोव्हवर चहा ठेवला.

"एकच मागतो," म्हातारा म्हणाला. "ह्या गल्लीतल्या कुणाला हात लावू नको."

"त्यांची सुपारी न्हाई," खर्झुल्या म्हणाला. "फुकट कशाला लावू?"

चहा संपल्यावर त्यानं म्हाताऱ्याच्या मानेवर बोट टेकवलं. ह्या लोकांच्या बोटात इखाचा काटा असतो, एका कामाला एकच. दुसरा उगवायचा तर घरीच जावं लागतं. म्हातारा भिंतीला टेकला तो टेकलाच.

आता राह्यला पुरावा. म्हाताऱ्याच्या जातकुळीला गळ्यात एक मणी असतो. मढं थंड झाल्यावर त्यो आपसूक जिभेखाली येतो. त्यो घेऊन, ह्या सुपारीसाठी दोनच दिवस उघडलेली आकाशातली वाट मिटायच्या आत पेढीवर पोचायचं. पुरावा वेळेत आला न्हाई तर पेढी पुढची सुपारी काढती ती आणणाऱ्याच्याच नावाची. खर्झुल्यानं स्वतः तसली दोन कामं केली व्हती, आन् ती करताना त्याला काडीचं वाईट वाटलं न्हवतं.

मढं थंड व्हायची वाट बघत त्यो बसला, तेवढ्यात शेजारची अकिलाखाला पुतण्यासाठी खिचडा घेऊन आली. तिच्या हातातलं पातेलं पडलं आन् गल्ली गोळा झाली.

गल्लीचा नियम असा की मयताला एकटं ठेवायचं न्हाई. खर्झुल्यानं मला जरा चाचापाशी बसू द्या म्हणून पाह्यलं. त्यांनी बसू दिलं, आन् सगळे त्याच्याभोवती बसले. आंघोळ घालताना तांब्या त्याच्याच हातात दिला, पण बाजूला चार जण. शेवटी दुपारच्या नमाजनंतर कबरीत उतरायचा मान सख्ख्या माणसाचा, म्हणून त्यालाच उतरवलं. कफनाची गाठ सोडून त्यानं मयताचं तोंड किबल्याकडं, मक्केच्या दिशेला वळवलं. वरच्यांनी माना खाली घातल्या, आन् त्यानं जिभेखालून मणी काढून आपल्या गालात धरला. वर आला तवा लोक म्हणाले, बिचाऱ्याच्या तोंडातनं शब्द फुटंना.

आता फकस्त यार्ड ओलांडायचं राह्यलं व्हतं. लोकं माती देऊन परतत असताना त्यो मागच्या मागं सटकला आन् रुळांपाशी पोचला. मालगाडी आडवी चालली व्हती, ती जायची वाट बघत थांबला. तेवढ्यात मागनं दोन दणकट हातांनी त्याला कवळ्यात धरलं आन् उचलून मागं आणलं.

ते हात पोपटरावाचे. पोपटराव कवठे येमाईचा, घरची बागायत, पण उमर गेली रेल्वेत, अल्लाबक्षचा जोडीदार म्हणून. सांगावा गेला तसा जीप करून आलेला. म्हणाला, "लेकरा, गाडीखाली जाऊन चाचा परत येत न्हाई."

खर्झुल्या म्हणाला मला पलीकडं उसात जायचंय. पोपटरावानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काय म्हणतोय की खोटं बोलायलाबी जरा अक्कल लागती.

मग गल्लीनं ठरवलं. पोरगं रडलं न्हाई, घास खात न्हाई, सारखं आभाळाकडं बघतंय आन् रुळाकडं पळतंय. अकिलाखालाचं म्हणणं पडलं की तिसऱ्या दिवसाची जियारत होईस्तोवर ह्याला घटकाभरबी एकटं सोडायचं न्हाई. मयताच्या घरात चूल पेटत न्हाई, तवा डबे आळीपाळीनं येणार व्हतेच. आता माणसंबी आळीपाळीनं यायला लागली. दाराच्या उंबऱ्यात पोपटराव आडवा. संडासला गेला तरी बाहेर दोघं खाकरत उभे. अकिलाखाला समोर बसून त्याच्या तोंडात डाळरोटीचा घास घालायची, आन् त्यो गालातल्या मण्याला सांभाळत गिळायचा. माणसाचं अन्न त्याला जहरासारखं लागायचं. जुलाब सुरू झाले. गल्ली म्हणाली, दुःख आतड्यात उतरलं.

आयुष्यात पयल्यांदा त्याला भ्या वाटायला लागलं. आभाळातली वाट मिटत चालल्याचं त्याला हाडात कळत व्हतं. इतकी मढी पाडली, पण आपली पाळी येऊ शकती हे त्याच्या ध्यानातच कवा आलं न्हवतं.

न राहवून त्यानं पोपटरावाला खरं सांगून टाकलं.

"मामा, मी शाकीर न्हाई. चाचाला मीच मारलं."

पोपटरावाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. त्यानं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"आरं, तसंच वाटतं. आमचे आबा गेले तवा मीबी हेच म्हणत हिंडत व्हतो. येळेत पुण्याला हलवलं न्हाई, मीच मारलं. तू आलास आन् म्हाताऱ्याला आनंद झेपला न्हाई, त्यात तुझा काय दोष?"

"मामा, मला जाऊ द्या. न्हाईतर ते मला मारतील."

"कोण मारतंय बघू. आमी बसलोय की हितं."

आन् खरंच, बसले. वाट मिटली तवा खर्झुल्याच्या हाडात काहीतरी कडकन मोडलं. त्यानं हलायचंच सोडलं. गल्लीला वाटलं पोरगं आता निवळतंय.

जियारतीच्या सकाळी मयतासाठी फातेहा पढून लोक चहा पीत व्हते, तवा एक पाहुणा आला. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, आवाज मऊ. म्हणाला, मी अझरुद्दीन, शाकीरचा थोरला भाऊ, बातमी उशिरा कळली. खर्झुल्यानं त्याच्या बोटाकडं बघितलं आन् त्याला सगळं कळलं.

अकिलाखालानं पदर डोळ्याला लावला. रक्ताचं माणूस आलं, आता आपली जबाबदारी उतरली, असं म्हणून ती उठली. तिच्यामागं सगळी उठायला लागली. इतका येळ ज्या लोकांना चुकवायला त्यो तडफडत व्हता, त्यांच्याकडं त्यानं हात पसरले. पोपटरावाचं धोतर धरलं.

"मामा, जाऊ नका. तुमी बसा."

पोपटरावानं एकेक बोट सोडवलं, हळू, लहान पोराचं सोडवावं तसं.

"भावापाशी मोकळा हो. आमच्यापुढं तुला रडू येईना, लाज वाटती, ते कळतं आमाला."

"मला ह्याच्यासंगं एकटं ठेवू नका."

"एकटं कुठं? सख्खा भाऊ हाय."

जाताना त्यांनी दार बाहेरनं ओढून घेतलं.

खर्झुल्यानं गालातला मणी काढून पुढं केला. काम झालंय, म्हणाला, पेढीवर सांग, निम्मा वाटा तुझा. पाहुण्यानं मणी घेतला, शर्टाला पुसला आन् खिशात टाकला.

"निम्मा कशाला?" त्यो म्हणाला. "ह्याचे सगळेच घेतो. तुझे वेगळे मिळणार हायेत."

खर्झुल्यानं वाद घातला न्हाई. त्याच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हे त्याला पक्कं ठावं व्हतं. काटा मानेत शिरला तवा त्याच्या नरड्यातनं एक लांब हंबरडा निघाला. तसला आवाज आपल्यात हाय हे त्याला आधी कवा कळलं न्हवतं.

बाहेर ओट्यावर बशीचा आवाज झाला. पोपटरावाचं बोलणं खर्झुल्याला मरता मरता दाराआडनं नीट ऐकू आलं.

"रडला एकदाचा. आता कुणी आत जाऊ नका, सावकाश रडू द्या."