लक्ष्मणरावांचा पक्षप्रवेश आणि दोन इवाई

सोयरीक जुळवताना आपल्याकडे सगळं विचारून घेतात. गोत्र, नाडी, शेती किती, पोराला तंबाखूच्या खर्ऱ्याचा नाद आहे का, पोरीला चष्मा आहे का. देवळीच्या रूपरावांनी नाचणगावच्या प्रभाकररावांना हे सगळं विचारलं, आणि प्रभाकररावांनीही चिवडा खाता खाता तेवढंच उलट विचारून घेतलं. मत कोणाला देता, हे तेवढं दोघांनीही विचारलं नाही. लग्न झालं रूपरावांच्या समीक्षाचं आणि प्रभाकररावांच्या निकेशचं, म्हणून ही चूक निस्तरावीही त्या दोघांनाच लागली.

रूपराव शेतकरी. देवळीला लागून कपाशी आणि सोयाबीन. दिल्लीत बसलेले लोक देश विकायला निघालेत, हे त्यांचं पक्कं मत होतं. प्रभाकररावांचं नाचणगावात कापडाचं दुकान. दिल्लीत हेच लोक बसलेत म्हणून देश शिल्लक आहे, हे त्यांचंही तितकंच पक्कं होतं. एवढं सोडलं तर या दोन इवायांत, म्हणजे व्याह्यांत, फरक करणं अवघड होतं. दोघांना शुगर होती आणि दोघंही चोरून गोड खायचे. दोघं आयुष्यात एकेकदाच दिल्लीला गेले होते, तेही वैष्णोदेवीला जाताना गाडी बदलायला. तिथल्या फलाटावर काढलेल्या चार तासांच्या जोरावर दोघंही दिल्लीच्या राजकारणावर अधिकारानं बोलत.

लग्नाचे फोटो पाठवायला दोन्ही घरांचा एक व्हाट्सअॅप ग्रुप काढला होता. फोटो संपले आणि ग्रुपवर देश आला. प्रभाकरराव सकाळी इतिहास पाठवत, रूपराव दुपारी मतदानयंत्र पाठवत. प्रभाकररावांच्या हिशेबात देशद्रोही वाढत होते आणि रूपरावांच्या हिशेबात अंधभक्त. कारंज्याच्या सुलोचनाआत्याला यातलं काही कळत नव्हतं. ती बिचारी रोज सुप्रभात म्हणून एक झेंडूचं फूल पाठवायची. एक दिवस रूपरावांनी तिला विचारलं, याच रंगाचं फूल काऊन? तिनं घाबरून दुसऱ्या दिवशी नुसतं हिरवं पान पाठवलं, तर प्रभाकररावांनी विचारलं, आता हा रंग काऊन? तिसऱ्या दिवशी आत्या ग्रुप सोडून गेली. मग एकेक करत बाकीचेही गेले आणि शेवटी ग्रुपवर देशाची काळजी वाहणारे दोघंच उरले.

या भांडणात रूपरावांचा हुकमी एक्का म्हणजे लक्ष्मणराव. विरोधातले त्या भागातले मोठे पुढारी. त्यांची एकही सभा रूपरावांनी चुकवली नव्हती. बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी लक्ष्मणरावांचा फोटो होता, आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई देवांसोबत तोही पुसत असत. माणूस विकला जात नाही, मोडेल पण वाकणार नाही, असं रूपराव सांगत. प्रभाकररावांच्या लेखी लक्ष्मणराव म्हणजे महाचोर. सरकारनं त्याला अजून आत कसं टाकलं नाही, एवढीच काय ती त्यांची आपल्या सरकारविरुद्ध तक्रार होती.

समीक्षाला मुलगी झाली आणि नाचणगावला बारसं ठरलं. समीक्षानं वडिलांना फोन करून बजावलं, की त्या दिवशी देश घरी ठेवून या. सासऱ्यांनाही तिनं समोर बसवून तेच सांगितलं. दोघांनी शब्द दिला. नाव ठेवून होईपर्यंत, पाळणा म्हणून होईपर्यंत दोघं इतके शहाण्यासारखे वागले, की प्रभाकररावांच्या शोभाबाईंना नवऱ्याची तब्येत बरी नाही असं वाटलं.

पंगतीत मात्र जिलबी वाढायला प्रभाकरराव स्वतः उठले. रूपरावांच्या ताटात जिलबी टाकत म्हणाले, "घ्या इवाई. देश पुढं जाऊन राह्यला, त्याचंच समजा तोंड गोड."

शब्द मोडला तो यांनी मोडला, असं धरून रूपराव पेट्रोलच्या भावावर आले. तिथून गाडी मंदिरावर गेली, मग सीमेवर, मग संविधानावर, आणि वरण-भात येईपर्यंत लक्ष्मणरावांवर येऊन थांबली. चोर तो चोरच, प्रभाकरराव म्हणाले, आणि त्याच्या मागं फिरणारे लोक म्हणजे चोराचं पोतं उचलणारे.

रूपरावांनी ताट सारलं आणि उठले. "चोराचं पोतं उचलनाऱ्याची पोरगी कशाले केली मग?"

 दारात समीक्षा बाळाला घेऊन उभी होती. ती वडिलांकडे पाहून आत निघून गेली. रूपराव तडक जवळच्या पुलगावच्या बसस्टँडकडे चालू लागले. लीलाबाई मागून आल्या, पण ताटातली जिलबी संपवून आल्या. देशाची भानगड त्यांची नव्हती.

पावसाळा गेला, कपाशीला बोंडं आली, पण इवायांचं बोलणं बंद ते बंदच. समीक्षा बाळाचे फोटो आता फक्त आईला पाठवायची. लीलाबाई फोन उघडून बसल्या की रूपराव काहीतरी शोधायच्या निमित्तानं मागं येऊन उभे राहत. लीलाबाई फोन जरा तिरपा धरत आणि न पाहिल्यासारखं करत. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, हे सगळं रूपरावांनी बायकोच्या खांद्यावरून पाहिलं. फोन करावा असं अनेकदा मनात आलं. पण आपण फोन केला म्हणजे लक्ष्मणरावांना चोर म्हटलं ते कबूल केल्यासारखं होईल, या विचारानं हात मागं यायचा. लोकशाहीसाठी माणसानं काहीतरी सोसायलाच पाहिजे.

आणि एका दुपारी लक्ष्मणराव प्रभाकररावांच्या पक्षात गेले.

टीव्हीवर दाखवलं. गळ्यात नवा दुपट्टा, हातात गुच्छ, मागं टाळ्या. भागाच्या विकासासाठी आलो, म्हणाले. रूपराव पहिल्यांदा म्हणाले की व्हिडिओ खोटा आहे, आजकाल मशीननं काहीही बनवतात. दुसऱ्या बातम्यांतही तेच दिसलं तेव्हा म्हणाले की ही चाल आहे, आत घुसून फोडतील ते. रात्रीच्या भाकरीपर्यंत हीही आशा पातळ झाली. लीलाबाईंनी वाढता वाढता शांतपणे विचारलं, की उद्यापासून तो फोटो पुसायचा का नाही. रूपरावांनी फोन ताटाशेजारी ओढला.

त्यांचं सगळं लक्ष फोनकडे होतं. नाचणगावहून फोन येणार आणि प्रभाकरराव हसणार, यात शंका नव्हती. त्यावर काय बोलायचं हे त्यांनी शेतात एकट्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. पण फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आपला नेता गेला याचं दुःख एकवेळ गिळता आलं असतं, पण वैरी हसायलाही येत नाही म्हणजे काय? आठवडा व्हायच्या आत रूपराव नात पाहायला म्हणून पुलगावच्या गाडीत बसले.

प्रभाकररावांच्या दुकानावर केवढा तरी मोठा फ्लेक्स लावला होता. वर लक्ष्मणराव हात उंचावून, खाली 'हार्दिक स्वागत', आणि त्याखाली चेहऱ्यांच्या ओळीत अगदी शेवटी हात जोडलेले प्रभाकरराव, दाढ दुखत असताना फोटो काढल्यासारखे. खरे प्रभाकरराव गल्ल्यावर बसले होते. त्यांनी इवायांना पाहिलं, नोकराला चहा सांगितला आणि म्हणाले, "बसा. हासाले आले ना? हासा."

"मले वाटलं तुमी हासान, म्हनून आलो," रूपराव म्हणाले.

हसू मात्र दोघांपैकी कोणालाच आलं नाही. चहा येईपर्यंत प्रभाकररावांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. फ्लेक्स पक्षाच्या पोरांनी आणून लावला, विचारलंसुद्धा नाही. आज दुपारी पुलगावच्या चौकात लक्ष्मणराव येणार, आणि जुना कार्यकर्ता म्हणून पहिला हार प्रभाकररावांनी घालायचा. त्यांनी तालुक्याच्या अध्यक्षाला विचारलं होतं, की अरे, परवापर्यंत ज्याला चोर म्हणत गावभर फिरलो, त्याच्या गळ्यात हार कसा घालू? अध्यक्ष त्यांच्या पोराच्या वयाचा. तो म्हणाला, काका, आपल्या पक्षात आल्यावर कोणी चोर राहत नाही.

"तुमी चला संगं," प्रभाकरराव खालमानेनं म्हणाले. "एकट्याचे पाय उचलत नाई माये."

रूपराव गेले. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांत एकदा पाहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला समोर पाहून त्यांची मान थोडी तरी खाली जाईल, अशी रूपरावांची समजूत होती.

चौकात ढोल, फटाके, आणि उन्हात ताटकळलेली शाळेची पोरं. लक्ष्मणराव गाडीतून उतरले. प्रभाकररावांनी हार घातला, पण तो एका कानाला अडकला. लक्ष्मणरावांनी तो सोडवून घेत त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "तुम्ही त्या पक्षातून माझ्यासोबत आलात, हे मी कधी विसरणार नाही." मग शेजारी उभ्या रूपरावांचे दोन्ही हात हातात घेतले. "आणि तुमच्यासारखे इथले जुने निष्ठावंत आहेत, त्यांच्या भरवशावर तर मी या पक्षात आलो."

रूपराव त्यांच्या डोळ्यांत पाहणार, तेवढ्यात कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि लक्ष्मणराव पुढच्या हाराकडे गेले.

दोघं पायीच परत निघाले. नाचणगावची घरं दिसायला लागली तेव्हा रूपराव थांबले. म्हणाले, "बारशाच्या दिवशी मी ताटावरून उठलो, तो कोनासाठी उठलो हो?"

प्रभाकररावांनी चप्पल झटकली. "मायं बोलनं तुमाले लागलं असतं तर चाललं असतं, तुमी त्याच कामाचे. पन ते पोरीले लागलं. तवापासून घरात मी बोललो का पोरगी उठून जाते."

घरी समीक्षानं वडिलांना पाहिलं, पाणी दिलं, आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे क्षणभर पाहिलं आणि भोकाड पसरलं. रूपरावांनी चुटक्या वाजवल्या, मान हलवली, शेतातल्या बैलाला घालतात तशी शीळही घातली. काही उपयोग झाला नाही.

"ओयखत नाई ते तुमाले, बाबा," समीक्षा म्हणाली. "तिचा काय दोष?" मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "मामाजी, तुमी दोघं ज्याच्यापायी भांडले, त्या लक्ष्मणरावले तुमचे नावं तरी माहीत होते का?"

दोघंही भिंतीकडे पाहू लागले. चौकात काय झालं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही, आणि या बाबतीत त्यांच्यात प्रथमच एकमत झालं. रूपरावांचे डोळे भरून आले होते. ते बाळाच्या रडण्यानं आले असं त्यांनी भासवलं. समीक्षानं बाळ उचललं, पण उठून गेली नाही. तिथंच बसून थोपटत राहिली. बाळ निवलं तेव्हा तिनं ते परत त्यांच्या मांडीवर दिलं, आणि या वेळी ते त्यांच्या शर्टाचं बटण ओढत बसलं.

हे सगळं इतकं गोड चाललं होतं, की ते टिकणं शक्यच नव्हतं. शोभाबाईंनी चहा आणला. पहिल्या घोटाला प्रभाकरराव हळूच म्हणाले, की काही म्हणा, तुमच्यापाशी होता तेव्हा तो चोर होताच. रूपराव म्हणाले, की असंल, पण आता तुमच्यापाशी आहे, सांभाळा. प्रभाकरराव म्हणाले, की चोराचा प्रश्न वेगळा आणि देशाचा वेगळा. कसा वेगळा, रूपरावांनी विचारलं, आणि बशी खाली ठेवली.

समीक्षानं बाळाला कडेवर घेतलं, पुढचं दार उघडलं आणि ओट्याकडे बोट दाखवलं. दोघं आपापले कप घेऊन मुकाट्यानं बाहेर गेले. तिथं बसून त्यांनी पेट्रोल, मंदिर, सीमा आणि संविधान पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कोणी कोणाचं तसूभर ऐकलं नाही. बसस्टँडपर्यंत बोलत गेले, आणि गाडी सुटली तरी रूपराव खिडकीतून सांगत होते आणि प्रभाकरराव गाडीसोबत चालत उत्तर देत होते.

तिकीट फाडताना कंडक्टरनं विचारलं, कोण होते हो ते, एवढे भांडत होते?

"इवाई हायेत आमचे," रूपराव म्हणाले. "मानूस सोन्यासारखा हाये. डोकं तेवढं नाई."