आप्पांची संमती

वैजयंतीच्या प्रबंधातली सतराव्या शतकातली मोडी बखर तिच्या वडिलांनी, आप्पांनी, वाचून दिली होती. शेवटचं पान झालं आणि महिन्याभरात ते गेले.

सोलापूरचे मार्गदर्शक सर तिचा प्रबंध सादर करण्याचा अर्ज चाळत म्हणाले, "वाचक म्हणून आप्पांचं नाव द्यायचं तर संमतिपत्रावर त्यांची सही हवी."

"सर, तेराव्याला जेवून गेलात की तुम्ही!"

"नियम आहे."

"मग बखरकाराचीही सही आणू?"

"त्यापेक्षा माझं नाव घाला. मी हयात आहे."

वैजयंतीने बखर त्यांच्यापुढे सरकवली. "पहिली ओळ तेवढी वाचून दाखवा."

सरांनी पान सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. मग त्यांनी अर्ज ओढला आणि आप्पांच्या नावापुढे लिहिलं : संमती तोंडी मिळाली.