राणी एलिझाबेथची डबल बेल

पुठ्ठ्याचा मुकुट. वर सोनेरी कागद.

सन सोळाशे एक, लंडन. मिठाचे, खळीचे, पत्त्यांचे मक्ते राणीने मर्जीतल्या माणसांना वाटून टाकलेत. संसद भडकली आहे!

खांद्यावर तिकीट मशीनच्या पट्ट्याचा वळ.

धनसिंगचे गुडघे.

हे सगळं आज यवतमाळच्या नाट्यगृहात एकाच विंगेत गोळा झालंय. नेरच्या एसटीची कंडक्टर शीला आज डेपोच्या नाटकात राणी एलिझाबेथ आहे. तिच्याच गाडीचा ड्रायव्हर धनसिंग, संसदेचा सभापती. राणी मक्ते रद्द करते, सभापती खासदारांसह गुडघे टेकून आभार मानतो, राणी त्यांना उठवून भाषण करते. नाटक चढतं ते इथेच.

"मी नाही टेकणार," धनसिंग म्हणाला. तिसरी घंटा व्हायची होती.

"आता सांगता, भाऊ? तालमीत काहून नाही बोलले?"

"तालमीत गुडघा दुखते म्हनून निभावलं. पण समोर पाह्य, पुरा डेपो बसून हाय. उद्या पोट्टे म्हनतीन, धनसिंग कंडक्टरपुढं वाकला."

"माह्यापुढं नाही, राणीपुढं."

"राणी गेली लंडनले. मले तं तूच दिसतं."

"रोज डबल बेल द्याच्या आंधी गाडी काढता, तवा दिसतो का मी?"

घंटा झाली. पडदा वर!

राणीने मक्ते रद्द केले, तसे खासदार गुडघ्यांवर बसले. धनसिंग ताठ उभा. पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं, मग मागेही. शीलाचं आयुष्यातलं पहिलं मोठं काम, आणि ते हशात चाललं होतं.

ती सिंहासनावरून उतरली. संहितेत हे नव्हतं.

"आमच्या मनातलं सभापतींनी आधीच ओळखलं! उठा, सगळे उठा. आम्हाला पुष्कळ बोलायचं आहे, ते गुडघ्यांवर ऐकवणार नाही. आणि सभापती, आम्ही सांगेपर्यंत तुम्ही बसायचं नाही."

खासदार धडपडत उठले. धनसिंग होता तिथेच उभा, पण आता तिच्या हुकमाने! टाळ्या थांबेनात.

भाषण रंगत गेलं. सभापतींचे पाय भरून आले. ओठ न हलवता त्याने विचारलं, "बसू का व आता?"

"बेल नाही झाली," राणी पुटपुटली.

राणीच्या कामासाठी शीलाचं नाव धनसिंगनेच सुचवलं होतं.